मोकळी जागा, दोनशे बारा चौरस मीटर

फोटोचा खालचा भाग सावलीत होता. सावलीची वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती; फक्त एका ठिकाणी तिच्यातून गोल फुगवटा वर आला होता आणि त्याच्या शेजारी काटकीसारखी एक रेघ. त्यापलीकडे उन्हात गवत, कुंपण आणि हद्दीचा दगड. कुंपणाचे खांब तीन-तीन मीटरवर आहेत असं सोबतच्या नकाशात लिहिलं होतं. सावली तिसऱ्या खांबापर्यंत, म्हणजे नऊ मीटर, पोचली होती. हद्दीचा दगड नियमाप्रमाणे जमिनीच्या वर चाळीस सेंटीमीटर. त्याची स्वतःची सावली पन्नास. तिने पाठकोऱ्या कागदावर त्रैराशिक मांडलं. सात मीटर वीस. फोटो काढणाऱ्याच्या पाठीला लागून सात मीटर वीस सेंटीमीटर उंचीचं काहीतरी उभं होतं आणि त्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी होती.

फाईलवर लिहिलं होतं : मोकळी जागा, दोनशे बारा चौरस मीटर, बांधकाम नाही.

मूल्यांकन कार्यालयात तिला सतरा वर्षं झाली होती. दस्त नोंदणीला जाण्याआधी मालमत्तेची किंमत तपासायची आणि मुद्रांक शुल्क किती ते ठरवायचं, हे तिचं काम. लोक काय काय करतात हे तिला तोंडपाठ होतं. कोणी तीन मजले एक मजला करून दाखवायचा. कोणी नव्या कोऱ्या इमारतीचं वय साठ वर्षं सांगायचा. कोणी विकलेलं घर भाच्याला प्रेमाने दिलं म्हणायचा, आणि भाचा मामाला ओळखतही नसायचा. पण सगळ्यात सोपं म्हणजे घरच खाऊन टाकायचं. घराकडे पाठ करून अंगणाचा फोटो काढायचा, दस्तात लिहायचं मोकळी जागा. जमिनीचं शुल्क भरायचं, भिंतींचं वाचवायचं. अशा महिन्याला दहाबारा फाइली यायच्या. तिच्या टेबलावरून एकही सुटायची नाही, म्हणून कार्यालयात तिला मोजपट्टी म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ऐकू येईल इतपत मोठ्याने.

ती नेहमी फोटो आधी बघायची, नावं शेवटी. नावं वाचली की नजर बिघडते, असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळे त्या सोमवारी ती काटकीसारखी रेघ तिने भिंग लावून बघितली, तोवर नावाकडे गेलीच नव्हती. रेघ म्हणजे जुनी अँटेना होती. तिचा एक हात मधोमध मोडून खाली लोंबत होता. तो हात कोणी मोडला, कोणत्या सुट्टीत मोडला आणि त्यासाठी कोणी मार खाल्ला, हे तिला ठाऊक होतं. मार तिनेच खाल्ला होता, मोडला होता धाकट्या भावाने.

मग तिने पान उलटलं. बक्षीसपत्र. देणार : आई. घेणार : भाऊ. कारण : नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळा.

नियम साधा होता. नातेवाइकाची फाईल आली तर त्याच दिवशी साहेबांना लेखी कळवायचं. तिने ती फाईल ट्रेच्या तळाशी ठेवली आणि वर दुसऱ्या अकरा फाइली रचल्या. नोकरीत असं तिने पहिल्यांदाच केलं.

भाऊ पुढच्या सोमवारी आला. टाईल्सचं दुकान होतं त्याचं. बोटांच्या पेरांवर सिमेंटची पांढरी भुकटी कायमची. तो व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशी उभा राहिला आणि लांबूनच हाक मारली, "तायडे!"

"इथे तायडे म्हणू नकोस."

"मग काय मोजपट्टी म्हणू?" तो हसला. "माझ्या फाईलला कुठे माशी शिंकली? आठ दिवस झाले."

"तू ती माझ्या टेबलावर यावी म्हणून ह्या विभागात टाकलीस?"

"अर्थात! दोन विभागांपैकी कुठेही चालली असती. म्हटलं, घरचं माणूस आहे, परक्याच्या हातापाया कशाला पडायचं?"

तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तो लबाडी करतोय असं त्याच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं, आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती ह्यानेच. ओशाळला असता तरी चाललं असतं.

"तिथे घर आहे," ती म्हणाली.

"मला सांगतेस? मी तिथेच वाढलोय."

"दस्तात नाही."

"दस्तात बाबांच्या वेळीही नव्हतं. आईच्या नावावर घेतलं तेव्हा बाबांनी मोकळी जागाच लिहिली होती. आता मी एकदम घर दाखवलं तर ते आलं कुठून, आभाळातून पडलं? मागचं सगळं निघेल. दंड कोणाला? आईला." त्याने कागदी ग्लास चुरगाळला. "आणि एक सांगू? तेव्हा वाचलेल्या पैशांतून तुझ्या कॉलेजची तीन वर्षांची फी भरली गेली. प्रयोगशाळेची वेगळी. मी बारावीनंतर दुकानात बसलो. आज शहाणपण शिकवायला आलीस."

हे तिला माहीत होतं, कॉलेजात असल्यापासूनच. ती विसरली नव्हती, फक्त उघडून बघत नव्हती.

"शुक्रवारपर्यंत कर," तो जाताना म्हणाला. "बिल्डर थांबणार नाही."

"कोण बिल्डर?"

तो दोन पायऱ्या उतरला होता. "अगं, बोलणी चाललीत नुसती. आईला विचारूनच करणार ना काय ते. ती माझ्याकडेच असणार."

ती जागेवर आली, अकरा फाइली बाजूला केल्या आणि दस्त पुन्हा वाचायला घेतला. रागात असली की ती हळू वाचायची. पहिलं कलम जागेचं वर्णन, दुसरं हद्दी, तिसरं मालकी. सातवं कलम, ताबा दिला. आठवं कलम, पुढचे कर घेणाऱ्याने भरायचे. त्यानंतर दहावं. तिने पान मागे घेतलं, पुढे केलं. आठ, मग दहा. नऊ नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत ती रस्ता ओलांडून समोरच्या टपरीत गेली. तिथे एका टेबलावर टाईप करणारं यंत्र, दुसऱ्यावर झेरॉक्सचं, आणि दोन्हींच्या मध्ये एक म्हातारा दस्तलेखक. चाळीस वर्षं दस्त लिहून त्याच्या बोलण्यातही दस्त उतरला होता. चहा मागवतानासुद्धा "सदरहू चहात साखर कमी" म्हणायचा. त्याला सगळे सदरहूकाका म्हणत आणि तोही ओ देई.

"या, या! मोजपट्टी आमच्या दारात? आज सदरहू सूर्य कुठून उगवला?"

दस्तावर लेखक म्हणून शिक्का त्याचाच होता. तिने प्रत त्याच्यापुढे ठेवली आणि आठ आणि दहाच्या मधल्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं.

त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "अरेच्चा! नंबर बदलायचा राहिला. म्हातारपण, दुसरं काय. देतो लगेच दुरुस्त करून."

"नऊमध्ये काय होतं?"

"नेहमीचंच की. देणार हयात असेपर्यंत तिचा घरातल्या पुढच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात राहण्याचा हक्क अबाधित राहील, तिला कोणीही काढू शकणार नाही, घेणाऱ्याला तिच्या हयातीत विक्री करता येणार नाही. आजींनी स्वतः सांगून घातलं होतं. दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून. खमक्या आहेत हो!"

"मग काढलं का?"

"मॅडम, तुम्ही विचारता?" सदरहूकाकांना खरोखर आश्चर्य वाटलं. "वर मोकळी जागा लिहायची आणि खाली पुढची खोली लिहायची? तुमच्यासारख्यांनी एका मिनिटात पकडलं असतं. घरच नाही तर राहणार कुठे? सदरहू गवतावर?"

आपल्या विनोदावर तो स्वतःच खुदखुदला. झेरॉक्सवाली मुलगीही हसली.

"कोणाला विचारून काढलंत?"

"तुमच्या भावाला. म्हणाला, काढा काका, आईला मी आहेच. मुलगा चांगला आहे हो. उगाच बोल लावू नये."

"आणि आईला?"

"त्यांना कशाला त्रास? नोंदणीच्या दिवशी अंगठा... आपलं, सही करायला यायचंय फक्त."

तिने प्रत उचलली. त्या टपरीतल्या भिंतीवर नमुने टांगले होते, विक्रीचे, भाड्याचे, बक्षिसाचे. सतरा वर्षं ती पलीकडच्या बाजूला बसून ह्याच कागदांतली चोरी पकडत होती आणि तिला वाटत होतं की चोरी सरकारची होते. सरकारला भिंती दिसू नयेत म्हणून भिंती पुसायच्या. भिंतींबरोबर आत राहणारं माणूस पुसलं जातं हे तिच्या एकाही अहवालात कधी आलं नव्हतं. रकानाच नव्हता तसा. किती जणींना, किती जणांना असं गवतावर बसवलं असेल ह्या टेबलाने? तिने रस्ता ओलांडताना एका स्कूटरवाल्याला शिवी घातली. मोठ्याने. तो बिचारा थांबलेलाच होता.

मंगळवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी आईकडे गेली. आई स्टुलावर उभी राहून दाराच्या वरच्या बिजागरीला तेल घालत होती. बहात्तर वर्षांची.

"खाली उतर आधी."

"कुरकुर करतं गं दार. तू धर स्टूल, बडबड नंतर कर."

तिने स्टूल धरलं. आईच्या पायाच्या टाचा तिच्या डोळ्यांसमोर होत्या. तेवढ्यातच तिने विचारलं, "फोटो काढायला आले होते तेव्हा तू कुठे होतीस?"

"आतच. मागच्या अंगणात कपडे वाळत होते, ते काढायला लावले. दोरी पण सोडली. मग म्हणाला, आई, तू पण जरा आत हो. मी म्हटलं, माझा काढ की एक. तर म्हणाला, हा फोटो जागेचा आहे." आईने दार हलवून बघितलं. "गेली बघ कुरकुर."

आई उतरल्यावर तिने दस्त समोर ठेवला. आईने चष्मा लावला, पण वाचायच्या आधीच म्हणाली, "मला माहितीय त्यात काय आहे. नववं कलम माझं आहे. मी हयात असेपर्यंत पुढची खोली आणि स्वयंपाकघर. म्हणून तर तयार झाले. नाहीतर मला काय घाई?"

"नववं वाच."

आईने बोट खाली खाली नेलं. आठावर थांबली, दहावर गेली, परत आठावर आली. मग पान उलटून मागे बघितलं, जणू कलम पाठीमागे जाऊन बसलं असेल.

"टाईप करताना राहिलं असेल."

"राहिलं नाही. काढलं." आणि तिने सगळं सांगितलं, एका सुरात, काही न गाळता. शुल्क वाचवायला घर लिहिलं नाही. घर लिहिलं नाही म्हणून खोली लिहिता येईना. खोली नाही म्हणून तू नाहीस.

आईने हातातल्या तेलाच्या बाटलीचं बूच फिरवून घट्ट केलं. "मग कागदावर मी राहते कुठे?"

"कुठेच नाही."

"त्याला माहितीय हे?"

हाच प्रश्न येऊ नये असं तिला वाटत होतं. "त्याला विचारूनच काढलंय. म्हणाला, आईला मी आहेच."

"आहेच की तो." आई लगेच म्हणाली. ठणकावून म्हणाली. मग चष्मा काढून पदराने पुसला. तेलकट हातांमुळे काचा आणखी धूसर झाल्या. "आहेच. पण मग लिहायला काय हरकत होती?"

"बिल्डरशी बोलणी चालली आहेत. तुला बोललाय?"

आईने नकारार्थी मान हलवली.

"आई, हे सगळं बाहेर आलं तर जुना दस्त पण उघडेल. तुझ्या नावावर दंड लागेल."

"लागणारच. सही मी केली होती. पेनात शाई नव्हती म्हणून दोनदा केली. तुझे बाबा म्हणाले, सगळेच करतात. मला काय कळत होतं, मला एवढंच कळलं की मुलीची फी निघाली." ती उठून खिडकीशी गेली. "माझी मी सही नाही केली तर तो म्हणेल आईचा माझ्यावर भरवसा नाही. केली तर तू म्हणशील आईला अक्कल नाही. मला नका ओढू दोघं. त्या खुर्चीत तू बसतेस ना? तू ठरव."

घरी जाताना तिला आईचासुद्धा राग आला. मुलाशी वाकडं व्हायला नको म्हणून आई हात झटकून मोकळी झाली होती. सगळ्यांनीच एकेक हात झटकला होता : बाबांनी, भावाने, सदरहूकाकांनी. आणि तिने? आठ दिवस फाईल ट्रेच्या तळाशी. ती स्वतःला अचूक समजत होती. सतरा वर्षं दुसऱ्यांच्या भिंती मिलिमीटरपर्यंत मोजून तिने घरी कधी पट्टी नेली नव्हती.

बुधवार, गुरुवार ती इतर फाइली करत राहिली. ट्रेमधल्या थरातून एकेक वरची कमी होत गेली. गुरुवारी संध्याकाळी तळाची एकटीच उरली.

शुक्रवारी सकाळी साहेबांचं बोलावणं आलं. भाऊ आधीच खुर्चीत बसला होता, बशीतली बिस्किटं अर्धी संपवून. सदरहूकाका भिंतीला टेकून उभे होते, हातात दुरुस्त केलेलं पान; आता त्यात आठनंतर नऊ होतं आणि नवव्यात पूर्वीचं दहावं. साहेबांना निवृत्तीला पाच महिने राहिले होते आणि ते प्रत्येक वाक्य पाच महिन्यांच्या मापाने बोलत.

"बसा बाई. काय हे, एक साधं बक्षीसपत्र अकरा दिवस? आई देते, मुलगा घेतो. तुमच्याच घरचं आहे, हे मला आत्ता कळतंय. तसं कळवायला हवं होतंत."

"हो," ती म्हणाली.

"असू दे, असू दे. मी काही मनात धरत नाही. तुम्हाला अवघड वाटत असेल तर फाईल माझ्याकडे द्या. मी करतो सही. तुमच्या हाताला डाग नको." त्यांनी पेन उघडून ठेवलं. "मोकळी जागा आहे, फोटो आहे, नकाशा आहे. प्रश्न संपला."

"बघ," भाऊ म्हणाला. "साहेबांना कळतं."

"वीजबिल लावलंय का?" तिने विचारलं.

"कसलं वीजबिल?"

"मोकळ्या जागेवर फ्रिज चालतो, दोन पंखे चालतात. मंगळवारी मी आईकडे बिल बघितलं."

सदरहूकाका खोकले. भाऊ पुढे झुकला. आवाज खाली आणला, फक्त तिला ऐकू जाईल इतका. "तायडे, आईला दंड भरायला लावशील? ह्या वयात? मी तिला रस्त्यावर टाकणार आहे का? एवढं ओळखतेस मला?"

"ओळखते. म्हणून विचारते. टाकणार नव्हतास तर नववं कलम का काढलंस?"

"अगं, ते तांत्रिक..."

"पैसे वाचवायचे होते म्हणून काढलंस. वाचणारे पैसे किती ते मी काढले आहेत. आई तेवढ्याला गेली." तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि त्यामुळे साहेबांनी पेनावरचा हात काढून घेतला. "लुबाडायचं म्हणून केलं असतंस तर मी समजू शकले असते. तू तिच्याकडे बघितलंच नाहीस. दोरी सोड, कपडे काढ, आई आत हो."

"आणि तुझी फी?" भाऊ आता ओरडला. दार उघडंच होतं. बाहेरची टाईप करण्याची टकटक थांबली. "ती काय आभाळातून आली? सांग ना साहेबांना! सांग, बाबांनी काय केलं ते! आहे हिंमत?"

"बाई," साहेब घाईने म्हणाले, "हे घरातलं घरात मिटवा. मला पाच महिने आहेत. तुम्ही फक्त तोंडातून काही काढू नका, मी बघतो. एकदा तुम्ही बोललात की मला लिहावं लागेल."

तिने साहेबांच्या टेबलावरचा कोरा कागद ओढून त्यांच्याच पुढे सरकवला.

"लिहा," ती म्हणाली. "त्या जागेवर घर आहे. दोन मजली, पक्कं, सव्वीस वर्षं उभं आहे. आधीच्या दस्तातही ते लपवलं होतं. त्या वाचलेल्या पैशांत मी शिकले. देणारी बाई त्या घरात राहते आणि तिला तिथेच राहायचंय. ती माझी आई आहे. ही फाईल मी अकरा दिवस दाबून ठेवली. माझ्याकडून मूल्यांकन नामंजूर."